यंत्र ठरेपर्यंत

५ जानेवारी, रविवार
ठरलं. केटल क्रीकच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या खोपटात, जायचं. एकट्याने. पाच तास चढ, एक मुक्काम, परत.

पेट्रोल भरताना ट्रेकिंग क्लबचा हेमी भेटला. हटमधली वही भरत आलीय म्हणाला. पंधरा पानं उरलीत, एप्रिलात ईस्टरच्या आधी जुनी काढून नवी ठेवणार. आल्यागेल्याने वहीत नाव, तारीख, माणसं किती आणि पुढे कुठे हे लिहायचं असतं. कोणी हरवलं तर शोधणारे आधी ती वही उघडतात. आमची ओळ नेहमी ग्लेनिस लिहायची. मी तोवर स्टोव्ह पेटवायचो. शेवटचे गेलो ते दोन उन्हाळ्यांपूर्वी. तेव्हा तिने काय लिहिलं ते मी बघितलं नाही. कशाला बघेन? बायको घरातच होती.

आता ती जाऊन सोळा महिने झाले.

वहीसाठी चाललोय असं काही नाही. पाय आखडलेत, एवढंच.

रात्री ब्रॉन्विनचा नेल्सनहून फोन. लेकीची एकच अट. एकटा जाणार असशील तर उपग्रहावरून मदत मागता येईल असं काहीतरी सोबत हवं. तिचं बरोबर आहे. आपल्या खोऱ्यात पबच्या पुढे मोबाइल म्हणजे नुसता आरसा.
या आठवड्यात यंत्र, पुढच्या आठवड्यात डोंगर.

८ जानेवारी
दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, नुसती मदत मागायचीय की बोलायचंही आहे? बीकन घेतलं तर एक बटण. दाबलं की हेलिकॉप्टर निघालं समजा. दरमहा पैसे नाहीत, बॅटरी अनेक वर्षं. मेसेंजर घेतला तर मेसेज जातात, येतात, आणि आपण कुठे आहोत तो ठिपका घरच्यांना नकाशावर दिसतो, पण त्याला महिन्याचा प्लॅन लागतो. सॅटेलाइट फोन वेगळाच.
म्हटलं, तक्ता करतो. जिवाचा प्रश्न आहे, भाजी नाही घ्यायची.

१९ जानेवारी
तक्ता झाला. अकरा रकाने. वजन, पाणी, थंडी, हातमोजे घालून बटण दाबता येतं का वगैरे. शेवटच्या रकान्याला नाव सुचलं नाही, तो मोकळा ठेवलाय.

२५ जानेवारी
बीकन घेतलं. मी साधा माणूस, मला एक बटण पुरे.
नोंदणीच्या फॉर्मवर संकटात कळवायची दोन नावं हवीत. पहिलं ब्रॉन्विन. दुसऱ्या नावाशी घोडं अडलं. चहा केला, प्यालो, कप विसळला. शेवटी हेमीचं नाव टाकलं. त्याला विचारलेलं नाही. सांगेन.

सॅक भरून ठेवली. चहाचे मग दोन. एक राखीव.

९ फेब्रुवारी
बीकनची मोठी खोट लक्षात आली. ते फक्त ‘मरतोय’ म्हणतं. ‘बरा आहे’ म्हणायची सोयच नाही. मी बरा असलो तर कोणाला कळणार कसं? जायचं रद्द. अति घाई संकटात नेई.

१२ फेब्रुवारी
मेसेंजरही घेतला. उघडलेलं बीकन दुकान परत घेत नाही. असू दे, एकाला दोन.
तयार मेसेज तीन बसवले: ‘सगळं ठीक’, ‘पोचलो’, ‘उशीर होईल, काळजी नको’. परसात बसून चाचणी. दिवसभरात चौदा वेळा ‘सगळं ठीक’ पाठवलं. पंधराव्याला ब्रॉन्विनचं उत्तर आलं, की ती मीटिंगमध्ये आहे आणि तिचा बाप रुबार्बच्या वाफ्यात बसलाय हे आता पूर्ण ऑफिसला माहीत झालंय.
म्हणजे अचूकता उत्तम.

२० फेब्रुवारी
हेमी येऊन गेला. वहीची सहा पानं उरलीत. म्हणाला, चल, मी येतो सोबत, शनिवारी जाऊन येऊ. नको म्हटलं, बॅटरीची थंडीतली चाचणी चालू आहे. तो फ्रीजमधून दूध काढायला गेला आणि लोण्याशेजारचा मेसेंजर बाजूला सरकवून दूध घेऊन आला. हेमी मुळातच कमी बोलतो.

१ मार्च
आज निघालो. सहाला उठलो, खिमा भरलेला मिन्स पाय घेतला, गाडी वाटेच्या तोंडाशी लावली. आकाश निळं. पण पश्चिमेला एक ढग होता. केटल क्रीकला पाणी कधी चढेल सांगता येत नाही. ढगावर नजर ठेवून बसलो. मिन्स पाय खाल्ला. चिलटांनी घोटे फोडले. चार तासांनी ढग गेला, पण तोवर उशीर झाला होता. डोंगरात निर्णय घेता आला पाहिजे, तो मी घेतला.
मधल्या वेळात ‘पोचलो’ पाठवलं होतं. तिला काळजी नको म्हणून.

संध्याकाळी तिचा फोन. हट आता पार्किंगमध्ये बांधली का, म्हणून विचारत होती. मी ढगाचं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुला जायचंय की यंत्रं घ्यायचीत?"
प्रश्नच चुकीचा आहे. जेवलो नाही. भूक नव्हती. अलीकडे नसतेच.

२३ मार्च
आता म्हणे मोबाइलच थेट उपग्रहाशी बोलतात. सगळा तक्ता पुन्हा करावा लागणार.

२ एप्रिल
तसला फोन घेतला. तीन झाली. आता कारणच उरलं नाही.
म्हणजे, अडचण उरली नाही असं म्हणायचं होतं.

१२ एप्रिल, शनिवार. हट. संध्याकाळी ५
पोचलो. सहा तास लागले. गुडघा सोडून सगळं शाबूत. तिन्ही यंत्रं उत्तम. ‘पोचलो’ पाठवलं, ब्रॉन्विनने अंगठा पाठवला.

टेबलावर वही आहे. नवी. कव्हर करकरीत, पहिलं पान अर्धं भरलेलं. पहिली नोंद हेमीची, बुधवारची: ‘जुनी वही नेली. चिमणी साफ केली.’
बुधवारी. मी शनिवारी आलो.

बाकावर बसलो. काही वाटायला हवं होतं बहुतेक. काही वाटलं नाही. स्टोव्ह पेटवला, चहा केला, दोन्ही मग बाहेर निघाले म्हणून दोन्हींत ओतला. मग वहीत ओळ लिहिली. पेन दोरीने बांधलेलं आहे, दोरी आखूड. पहिल्यांदाच मी लिहिली. सोपं असतं. एवढ्यासाठी ती इतका वेळ का लावायची कळत नाही.

१३ एप्रिल
उतरलो. वाटेत दोन शिकारी वर जाताना भेटले, हवेचं बोललो. दोनला घरी. तिन्ही यंत्रं बंद करून शेडमध्ये ठेवली. बॅटरी वाचते. मोहीम यशस्वी म्हणायला हरकत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी नऊला हेमी दारात. टोपी हातात, पँट गुडघ्यापर्यंत ओली.
त्या शिकाऱ्यांनी हटमध्ये वही वाचली होती. माझी ओळ: लॉरी, १२ एप्रिल, माणसं दोन. त्यांना तर उतरताना मी एकटाच दिसलो होतो. काल संध्याकाळी खाली आल्यावर त्यांनी पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी मला तीनदा फोन केला. फोन शेडमध्ये, बंद. आज उजाडल्यापासून पलीकडच्या गावची चार माणसं केटल क्रीकच्या काठाने दुसऱ्या माणसाला शोधताहेत. दोघं पाण्यात उतरलेत. वाट दाखवायला हेमीला बोलावलं, तेव्हा त्याने नाव ऐकलं आणि तसाच माझ्याकडे आला.

त्याला माहीत होतं. तरी वायरलेस हातात घेऊन त्याने विचारलं, कारण विचारावंच लागतं.

"लॉरी, वहीत माणसं दोन लिहिलीस. दुसरं कोण?"

दोरी आखूड होती, असं सांगणार होतो. तेही खरंच होतं. पण पाण्यात माणसं उभी होती.

"ग्लेनिस," म्हटलं. "ती नव्हती. ती वारली, हेमी."

"माहीत आहे रे." मग तो वायरलेसवर बोलला. "एकच माणूस. घरी आहे. बाहेर या सगळे."

एकोणीस महिन्यांत हे मी कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं. चहा हेमीने केला. दुसरा मग त्याने घेतला.

त्या चौघांची माफी मागायचीय. नावं घेतलीत.

जाताना दारात थांबून हेमी म्हणाला, जुनी वही ऑफिसात जमा करायची असते, पण ती अजून त्याच्या स्वयंपाकघरात आहे, पावाच्या डब्यावर. मी येईन म्हणून ठेवलीय. तिची ओळ त्याने वाचलेली नाही. पान सापडलं तेव्हा तिथे काडी घालून ठेवली.

हेमीचं घर दोन गल्ल्या सोडून. चालत चार मिनिटं. वाटेत नदी नाही, चढ नाही, मोबाइलला रेंज आहे.
उद्या हवा बघून ठरवतो.