अरिगजविदारणसिंहाची उणीव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०
संकल्प. आजपासून ‘धुकेगड’ या ऑनलाइन खेळात प्रवेश. चित्रं नाहीत, बंदुका नाहीत, नुसता मजकूर. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर लिहितात. म्हणजे ज्याला लिहिता येतं तो तिथला राजा. पाठशाळेत सात वर्षं संस्कृत, उमापूरहून एकवीस वर्षं बातमीदारी. स्पर्धा कोणाशी, एवढाच प्रश्न आहे.

अंजूही तिथे खेळते, असं सौ. शिवकन्येकडून कळलं. कोणत्या नावाने, ते सौभाग्यवतींनी सांगितलं नाही. माझा त्याच्याशी संबंध नाही. लेक मार्चपासून माझ्याशी बोलत नाही, पुण्याहून फक्त आईला फोन करते, हा लेकीचा प्रश्न. गेल्या वर्षी ती राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाली तेव्हा मी ‘उमापूरची कन्या झाली उपजिल्हाधिकारी’ अशी बातमी दिली होती. मुख्य परीक्षा आणि मुलाखत बाकी होती, मान्य. बातमी किंचित अगाऊ होती. खोटी नव्हती. खोटी पाडली ती मुख्य परीक्षेने.

मी भाषेच्या सेवेसाठी चाललो आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी १
पात्राचा अर्ज भरला. रकाने: नाव, वय, धंदा, बळ, उणीव, पूर्वकथा (दोनशे शब्द).
नाव: अरिगजविदारणसिंह. शत्रुरूपी हत्तींना फाडणारा सिंह.
धंदा: चक्रवर्ती.
बळ: रकाना अपुरा पडला, ‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलं.
उणीव: निरंक.
पूर्वकथा चार हजार एकशे शब्द. पण त्यात वंशावळ आहे, आणि वंशावळीचे शब्द कोणी मोजत नाही.
मध्ये शिवकन्या जेवायला बोलावून गेली. तेव्हा माझा राज्याभिषेक चालू होता. भाकरी गार झाली.
संध्याकाळपर्यंत मंजुरी निश्चित.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी ९
अर्ज परत. तपासणारा कोणी ‘पहारेकरी ३’. म्हणतो, नाव सहा अक्षरांत बसवा. गडावर चक्रवर्ती आधीच अकरा आहेत. आणि उणीव भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.
नाव कापून ‘अरिगज’ केलं. आता त्याचा अर्थ शत्रूचा हत्ती असा होतो, पण पहारेकऱ्याला ते कळायचं नाही.
उणीव: अतिशौर्य.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
अतिशौर्य परत. क्षमाशीलता परत. नम्रता भरली, तीही परत. सोबत हसणारा चेहरा. पहारेकरी लिहितो की उणीव म्हणजे जिचा त्रास दुसऱ्याला होतो ती. सुचत नसेल तर घरी विचारा.
विचारलं. पात्रासाठी हवी आहे, हे तीनदा स्पष्ट केलं. शिवकन्या मेथी निवडत होती. मेथी संपली, लसूण सोलून झाला, तरी यादी चालूच. तुमी मयताला गेल्यावर बी फोटोत पुढं उभं ऱ्हाता, इथवर आली. मग म्हणाली, लिहून घ्या की, कामून बसलात नुसते?
एकही लिहून घेतली नाही. माझं पात्र इतकं सामान्य नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ११
मंजूर झालेली पात्रं वाचून बघा, असा पहारेकऱ्याचा सल्ला. वाचली. बहुतेक रद्दी. एक जरा बरं होतं.
‘आबोली. वय पंचवीस. धंदा: बुरुजावर दिवे लावणे. बाप नगारची. लेक तिरंदाजीच्या पहिल्या फेरीत निवडली गेली, तर दोन फेऱ्या बाकी असताना बापाने विजयाचा नगारा बडवला. गावाने तिला हत्तीवर बसवलं. दुसऱ्या फेरीत बाण चुकला. हत्ती कोणी परत नेला नाही, तो वेशीतच उभा होता. उणीव: कोणी मोठ्याने नाव घेतलं की पळून जाते.’
भाषा स्वच्छ. हत्तीची कल्पना चांगली. बाप मात्र पटत नाही. इतका उतावळा मनुष्य प्रत्यक्षात आढळत नाही. ज्येष्ठ या नात्याने तसा अभिप्राय तिथेच नोंदवला: ‘पित्याचे व्यक्तिचित्रण अतिरंजित. लेखिकेने निरीक्षण वाढवावे.’
दुपारी आबोलीचं उत्तर: ‘वाढवते. एक आहे ओळखीत.’
नवोदितांना टीका सोसत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी ४
माझ्या अर्जापुढे आज ‘विचाराधीन’ असं दिसतंय. सरकारी भाषेत विचाराधीन म्हणजे झालंच. बातमी पाठवून दिली: ‘उमापूरच्या पत्रकाराची आंतरराष्ट्रीय वाङ्मयीन मोहिमेवर निवड’. खेळ असा शब्द टाळला. आंतरराष्ट्रीय म्हणायला आधार आहे, पहारेकरी १ दुबईला असतो.
स्टँडवरच्या बिभीषणाला फोन केला. फ्लेक्सचं दुकान त्याचं. गेल्या वर्षी अंजूचा फ्लेक्सही त्यानेच लावला होता. फोटो कोणता टाकू म्हणाला. गॉगलचा नको, म्हटलं.
शिवकन्येने विचारलं, परत? मी म्हटलं, त्या वेळी परीक्षा बाकी होती. इथे फक्त मंजुरी बाकी आहे. ती उठून भांडी घासायला गेली. तिला फरक पटला असावा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
बातमी पान चारवर, दोन कॉलम. फ्लेक्स दहा बाय आठ, स्टँडच्या अगदी तोंडाशी. खाली शुभेच्छुक एकोणीस. त्यातले सात मला ओळखत नाहीत.
आसारामने त्याच्या चहाच्या हॉटेलात सत्कार घडवला. शाल, श्रीफळ, फेटा. आसाराम भाषणात म्हणाला की आपला माणूस लई मोठ्या गडावर चाललाय, तिथं थंडी बी असंल, स्वेटर न्यावा. टाळ्या.
उत्तरादाखल पंचेचाळीस मिनिटं बोललो. एसटी दोनदा हॉर्न वाजवून गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ८
अर्ज नामंजूर.
कारण: ‘या पात्राला काहीच लागत नाही. त्याच्याशी काय खेळणार?’ नवीन अर्ज आठ दिवसांनी.
संकल्प: कोणाला सांगायचं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
स्टँडवर गेलो होतो, पेपरचं पार्सल आणायला. रिक्षावाल्याने विचारलं, कव्हा निघायचं? ग्रामपंचायतीच्या शिपायाने विचारलं, गेलते का येऊन? आसारामने स्वेटर घेतला का विचारलं. तिघांनाही तारीख लांबली असं सांगितलं. एक म्हणाला, आपल्या अंजूताईची बी लांबलीच की. तो वाईट हेतूने म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.
फ्लेक्स उतरव, म्हणून बिभीषणाला गळ घातली. तो म्हणाला, सायेब, दुसऱ्याचा वाढदिवस आल्याबिगर उतरत न्हाई. ती चौकट मोकळी ठेवली तर लोक विचारतेत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
घसा बसला आहे, असं घरी जाहीर केलं. बाहेर जाणं बंद. पार्सल आणायला मागच्या बाजूने, परसातून, बांधाबांधाने पुढच्या फाट्यावर जावं म्हटलं. दोन किलोमीटर पडतं, पण व्यायाम होतो.
शिवकन्या परसदारी कपडे वाळत घालत होती. पायात चप्पल घालताना पाहिलं तिने. म्हणाली, त्या कपाशीच्या पऱ्हाटीतनं जाऊ नका, तिकडनं ओल हाय. अंजू तिकडनंच गेलती, चिखलानं भरली होती. बॅग डोक्यावर घेतली होती पोरीनं.
मी विचारलं, कधी?
निकालाच्या दुसऱ्या दिशी, म्हणाली. स्टँडवर तिचा फोटो होता ना. तुमी आत सत्काराचे फोटो चिकटवत होता वहीत.

मला ते आठवत नाही. वही आठवते.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आबोलीचं पात्र पुन्हा वाचलं.
तीन फेऱ्या. पूर्व, मुख्य, मुलाखत.
हत्ती वेशीत उभा.
अभिप्राय पुसता येतो का, ते पाहिलं. पुसता येत नाही. खाली माझं पूर्ण नाव, ‘ज्येष्ठ पत्रकार’ यासह.
आज काही लिहिण्यासारखं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ६.३०
आठ दिवस पूर्ण. नवा अर्ज.
नाव: नगारची.
वय: बावन्न.
धंदा: नगारा.
बळ: आवाज लांब जातो.
उणीव: फेऱ्या बाकी असताना वाजवतो.
पूर्वकथा: लेकीचा बाण चुकला तेव्हा हा काय करत होता, ते त्याला सांगता येत नाही. वाजवण्यात होता.
वीस शब्दही झाले नाहीत. वंशावळ जोडायचा मोह झाला. पणजोबांपर्यंतच. मग राहू दिली.
सहा पस्तीसला मंजुरी. पहारेकऱ्याने लिहिलं, ‘या.’ एवढंच. अरिगजाला मात्र त्याने पानभर सुनावलं होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी १०
आज गडावर गेलो. प्रवेशाचं पहिलं वाक्य अकरा ओळींचं झालं होतं. कापत कापत एवढं उरलं: ‘नगारची वेशीपाशी आला.’
मग आबोलीने लिहिलं: ‘नगारा बाहेर ठेवायचा. टिपऱ्या माझ्याकडे द्यायच्या.’
मी लिहिलं, ‘दिल्या.’
तिने लिहिलं, ‘बुरुजावर चाळीस पणत्या आहेत. तेल ओतायचं. बोलायचं नाही.’
चाळीस वेळा ‘तेल ओतलं’ असं लिहिलं. सत्ताविसाव्या पणतीला एक सुंदर उपमा सुचली होती. गिळली.
शेवटी तिने लिहिलं, ‘उद्या याच वेळी.’
तिला कळलं असेल का, ही शंका शिवकन्येपुढे काढली. ती हसायलाच लागली. म्हणाली, तिला पयल्या दिवसापासून ठावं हाय, मीच सांगितलं. रोज फोनवर इचारायची, अण्णांना उणीव सापडली का म्हणून.

सकाळी ११.१५
बिभीषणाचा फोन. साखर कारखान्याच्या कोणा संचालकाचा वाढदिवस आलाय, फ्लेक्स उतरवतोय म्हणाला. उतरव, म्हटलं. मग म्हणाला, मंजुरी मिळाली म्हणं, वैनी सांगत होत्या. छापू का नवा? ‘अखेर गडावर!’
स्पष्ट नको म्हणालो. अजून चाळीस दिवे लागायचे बाकी... असो. नको म्हणजे नको, असं सांगून फोन ठेवला.

सकाळी ११.१९
मीच फोन केला. छापू नको, म्हटलं. माप तेवढं घेऊन ठेव.