दुकानांच्या पाट्या

८ जानेवारी १९७४

देवराव आज पुन्हा थांबले! धाकटे दीर, माझ्याबरोबर नागपुरातल्या महालातून बर्डीच्या बाजाराला निघालेले. चौक यायच्या आतच पोटरी धरून उभे. "वयनी, नस चढून राहिली." तिथेच सिगरेट ओढली, मग चालू लागले.

यांचंही असंच होतं. चालायचं, थांबायचं. मग अंगठा काळा पडला, पाय कापला, तरीही गेले. मार्चात दोन वर्षं होतील.

९ जानेवारी

कशात लक्ष नाही. भाजी करपली.

१२ जानेवारी

वाचनालयातून आरोग्याचं पुस्तक आणलं. लिहिलंय — तंबाखूच्या धुराने धमनी आतून खराब होते, अरुंद होते. चालताना पायाला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून दुखतं. थांबलं की कमी होतं.

धमनी! आम्ही सगळ्यालाच नस म्हणतो. चढलेली नस उतरावी म्हणून चार वर्षं यांच्या पोटरीला लसणाचं तेल चोळलं मी. आणि काडीपेटीही मीच आणून द्यायची.

१३ जानेवारी

पुढचं पान वाचायला नको होतं. अशा रोग्यांना रस्त्यात थांबायची लाज वाटते, म्हणून ते दुकानं पाहतोय असं दाखवतात.

हे दर दहा-बारा दुकानांनंतर थांबत. "वाच वं, काय लिहिलं हाये?" मी अडखळत वाचायची — कापड दुकान, घड्याळ दुरुस्ती. चुकलं की हे सांगत. शाळा कधी पाहिली नाही, अशीच वाचायला शिकले. वाटायचं, माझ्यासाठी थांबतात!

माझ्यासाठीही थांबत असतील. आता विचारू कोणाला?

१६ जानेवारी

देवरावांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पावलांवर बोटं ठेवून नाडी पाहिली. उजव्या पायाला लागली. डाव्याला नाहीच! म्हणाले, "सिगरेट आजच बंद. आणि रोज चाला. दुखलं की थांबा, दुखायचं थांबलं की पुन्हा चाला. नाहीतर हा पाय जाईल."

बाहेर पडताच देवरावांनी सिगरेट पेटवली! मी पुस्तक पुढे केलं. "मले कुठं वाचता येते? तुमी पुस्तकं वाचून डॉक्टर होऊन राहिल्या का?"

मग पाट्यांचं सगळं सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, "दादा मले बी म्हने, पाट्या पाहून राहिलो." सिगरेट बोटांतच जळत राहिली.

१८ जानेवारी

देवराव आले नाहीत. कालही नाही. दोनदा दारात जाऊन पाहिलं.

२० जानेवारी

सकाळीच दारात उभे! दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "चार दिवस झाले, वयनी." मग खाली पाहत, "चालाचं तं हाये. पन रस्त्यात उगाच उभं राहाले लाज वाटते. मले बी पाट्या वाचाले शिकवा ना."

निघालो. पहिली पाटी पानठेल्याची. ती सोडून दिली.