जवळ्याच्या वासाचे सेल

आई, एक गोष्ट तुम्हाला सरळ विचारायची राहून गेली. ते सेल तुम्ही गच्चीवर जवळ्याच्या सुकटीसोबत वाळत घालत होतात, ते भोळेपणानं की मुद्दाम? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी हा काटा काही निघत नाही. संशयाला औषध नसतं म्हणतात, ते मला बघूनच म्हणत असतील. आज गच्चीवर बसून हे लिहितेय त्याला कारण आहे, ते मागाहून सांगते. आधी ऐकून घ्या. जिवंतपणी मी काही बोलायला लागले की "बरं बरं, भात बघ जा" म्हणून उठायचात. आता कुठे जाणार?

लग्न होऊन मी कल्याणहून तुमच्या घरी आले तेव्हा माझ्या बॅगेत साड्यांखाली आयटीआयचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सर्टिफिकेट होतं, आणि बाबांनी दिलेला मीटर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तो उचललात, त्याच्या लाल-काळ्या वायरी ताणून बघितल्यात आणि शेजारणीला म्हणालात, "आमची सून डाक्टरीन हाय, पन पेट्यांची." ती हसली. तुम्ही हसला नाहीत, आणि तेव्हापासूनच मला तुमचा भरवसा वाटेना. मला रस्त्याकडच्या पडवीत दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. पनवेलात तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या, घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते, आणि एखादा बिघडला की माणसं तो पिशवीत घालून पार बाजारापर्यंत न्यायची. पण पडवीत तुमची भाताची कणगी आणि सुक्या मासळीचे डबे. शिवाय ह्यांचं म्हणणं, "तू दुकानात बसणार आणि गावभरचे बापये येऊन उभे राहणार? आधी काही करून तर दाखव."

करून दाखवायला समोर आलं ते मशिन. ह्यांचा तळोज्याचा दोस्त कुवेतला नोकरीला होता, त्याने सुट्टीवर येताना आणलं. खांद्याला अडकवायची पेटी, आत कॅसेट, वर छोटा भोंगा. बटण दाबलं की लावा पक्ष्याच्या मादीची हाक. कंपनीची फर्स्ट शिफ्ट सुटली की हे आणि दोस्तमंडळी डोंगराखालच्या गवतात जाळी लावायची, पेटी मध्ये ठेवायची, आणि बिचारे नर हाकेला धावत येऊन अडकायचे. शिकारीला बंदी, त्यामुळे सगळं गुपचूप. पेटीत आठ सेल, पुन्हा पुन्हा चार्ज करायचे. सुरुवातीला ती संध्याकाळभर ओरडायची. मग एकाएकी थोड्याच वेळात तिचा आवाज बसायला लागला, मादीचा रेडा व्हायचा. अशा हाकेला कोण येतंय!

ह्यांनी आधी दोस्तावरच संशय घेतला, जुना माल गळ्यात मारला म्हणून. तो दारात उभा राहून मला सांगतोय, "भाभी, खुदा कसम, दुकानवाल्याने डब्बा माझ्यासमोर फोडला." मग माझी पाळी. "दुपारी तूच त्यावर गाण्याच्या कॅसेटी लावत असशील." मी म्हटलं, मशिन माझ्याकडे द्या, चाललं तर पडवी माझी. हे म्हणाले, "चाललं तर तुझी. नाही चाललं तर दुकानाचा विषय पुन्हा काढायचा नाही." तुम्ही चुलीपाशी बसून ऐकत होतात.

मी कामाला लागते. चार्जर तपासते, तो नीट आहे. पेटीतल्या स्प्रिंगांवर हिरवं साचलंय, ते पॉलिश पेपरने घासते. सेलना नुसता मीटर लावला तर आठही शहाणे. पण रिकाम्या हाताने कोणीही ताठ उभा राहतो. टॉर्चचा बल्ब जोडून, तो पेटता ठेवून मोजलं, तर दोन सेल जागच्या जागी बसले. म्हटलं, चोर सापडला. दोस्ताने जादा दिलेल्या सेलांतले दोन त्यांच्या जागी घातले. थोड्या दिवसांनी बघते तर आता दुसरेच दोन बसलेले. सेल असे पाळी लावून मरत नाहीत. मग मी नेलपॉलिशने प्रत्येकावर ठिपके दिले, ओळीने बसवले आणि गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण काढलं तर ओळ मोडलेली. म्हणजे घरातलंच कोणीतरी सेल बाहेर काढत होतं. हे ड्युटीवर, मी तर मीच, मग राहिलं कोण? एक सेल उचलून नाकाशी नेला. सुक्या जवळ्याचा वास!

पुढच्या दुपारी मी पाय न वाजवता जिना चढले. तुम्ही चटईवर जवळा पसरून कावळे हाकत बसला होतात, आणि जवळ्याच्या कडेला माझे आठ सेल पापडासारखे मांडलेले. मला बघून दचकलासुद्धा नाहीत. "अगो, ऊन दाखवते. बॅटरीतले सेल पन मीच तापवते, मंग आनखी चार दिवस जातात." ते खोटं नव्हतं. टॉर्चचे उतरलेले सेल तेव्हा सगळेच उन्हात ठेवायचे, माझी आईसुद्धा ठेवायची. मी तिथेच बसून समजावलं, की हे सेल वेगळे, ह्यांना ऊन म्हणजे वैरी, तापले की आतलं चार्जिंग गळून जातं आणि सारखे तापले तर कायमचे जातात. तुम्ही मन लावून ऐकलंत. एवढं मन लावून तुम्ही माझं कधी काही ऐकलं नव्हतं, तिथेच मला कळायला हवं होतं. "म्हंजे ऊब नको?" "अजिबात नको." "चुलीची पन?" "चुलीची तर नकोच नको, आई." "बरं," म्हणालात आणि कावळ्याला खडा मारलात.

दोस्ताकडून नवा संच आला. मी तो भरला, बल्ब लावून एकेक सेल तपासला, अंगणात मशिन सुरू केलं. सगळे तांदूळ निवडून होईपर्यंत खणखणीत चाललं. तुम्ही सुपातून वर न बघता म्हणालात, "बाईच्या आवाजानं बोलवाचं नि मान मुरगळाची. ही कसली मर्दुमकी?" मी म्हटलं, "मला फक्त दुकान हवंय, आई." "ते दिसतंय ना," तुम्ही म्हणालात. तो टोमणा होता की दुसरं काही, ह्याचा विचार मी अजून करते.

रविवारी हे मशिन घेऊन गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. जाळी कोरडी. पेटी माझ्यापुढे आदळली. "पोहोचलो नाही तोच भसाडं झालं. विषय संपला." मी झाकण काढलं. जवळ्याचा वास नव्हता. पण सेलांवरचं प्लॅस्टिक एका अंगाने आकसलं होतं आणि स्प्रिंगेत राखेचा कण होता. तुम्ही चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून. तळपायाची आग मस्तकात गेली हो आई! काय केलं की सेल मरतात हे मीच तुम्हाला शिकवलं, माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडला. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण ह्यांचा राग मला ठाऊक होता, तुमच्याशी वर्षभर बोलले नसते. मी झाकण लावलं आणि मोरीत जाऊन रडले.

सकाळी कसलातरी ओढल्याचा आवाज आला म्हणून बाहेर येते तर तुम्ही एकट्या रिकामी कणगी ओढताय. हे चहाचा कप घेऊन उभे. "आई, हे काय चाललंय?" "हिचं दुकान." "पण मशिन चाललं कुठे?" "नाय चाललं. का नाय चाललं ते हिला ठाव हाय. इचार." आणि तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, पापणी न हलवता. मी म्हटलं, "सेलच खराब निघाले." "मंग झालं," तुम्ही म्हणालात, "माल खराब, त्याला ती काय करंल? धर गो, एक बाजू धर." आपण दोघींनी कणगी आत नेली. हे कप सांभाळत वाटेतून बाजूला झाले.

ती पडवी मला कशाबद्दल मिळाली, आई? तोंड बंद ठेवलं म्हणून? की मी सांगते का ते बघायचं होतं तुम्हाला, बल्ब जोडून? की दुकान द्यायचंच होतं, फक्त लाव्यांच्या जिवावर नको होतं? ह्यांचे बूट बाहेर वाजले की मी इतकी वर्षं हेच तीन प्रश्न उलटेपालटे करते. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा एकदा आडून विचारलं, "आई, ते सेल आठवतात?" "कंचे सेल?" म्हणालात आणि कुशीवर वळलात. शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाहीत.

आता कारण सांगते. हे रिटायर झालेत, दोस्तही कायमचा परत आलाय. गेल्या आठवड्यात दोघांनी माळ्यावरून ते मशिन काढलं. "आता तरी चालू करून दे, एवढं दुकान आहे तुझं." डोंगर अर्धाअधिक खणून नेला, करंजाड्याकडे नुसत्या बिल्डिंगी झाल्या, पण मागच्या गवतात सकाळी एखादा लावा अजून बोलतो. मी नवे सेल आणले, भरले, बल्ब लावून तपासले आणि ह्यांना सांगितलं, एकदम ठणठणीत आहेत, उद्या न्या. हे दुपारचे खाली झोपलेत. पत्र कुठे टाकणार, घडी करून बाबांच्या त्या मीटरच्या पेटीत ठेवते. चूल आता घरात राहिली नाही, गॅस आहे, त्यामुळे ऊनच. आठही सेल इथे चटईवर आहेत, जवळ्याच्या कडेला, आणि मी कावळे हाकत बसलेय.