अक्षर सुवाच्य हवे

सोमवार, ४ सप्टेंबर
ठरलं. या टर्मला विभागप्रमुख मीच. नवे कुलगुरू आल्यापासून सगळे शेपूट घालून बसलेत. मी नाही. मी तटस्थ आहे, आणि तटस्थ माणसाचं कोण काय वाकडं करणार? प्रमोशनच्या फाइलमध्ये फक्त 'स्वतः घेतलेले उपक्रम' हा रकाना रिकामा आहे. उद्यापासून पहाटे उठणे.

बुधवार, ६
साडेआठला उठलो. पण आयडिया जबरी सुचली. आमचा भडकू (बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर, कुलगुरूंविरुद्ध लेख लिहून सस्पेंड) याचं व्याख्यान ठेवायचं. विषय 'विद्यापीठ कोणाचं?' अध्यक्ष मी. पोरं खूश, आणि उपक्रम झाला म्हणून ऑफिसही खूश. बायको म्हणाली, नसती उठाठेव. तिला युनिव्हर्सिटीतलं काही कळत नाही.

मंगळवार, १२
अडतीस जण! उपस्थितीपत्रक फिरवलं. नाव, वर्ग, राहण्याचा पत्ता, मोबाइल. मागच्या बाकांवर चुळबुळ, सही नको म्हणाले. मी दारात उभा राहिलो, एकालाही सहीशिवाय सोडलं नाही. एक नंबरला चष्मेवाली, तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. परत लिहायला लावलं. लेक (एम.ए., दुसरं वर्ष, माझ्याच विभागात) विचारत होती, बाबा, हा कागद कशाला? तिलाही लिहायला लावलं. नऊ नंबर. सगळ्यांच्या वर, अध्यक्ष म्हणून, माझं नाव.

गुरुवार, १४
पत्रक ऑफिसात दिलं. हेडक्लार्कने दोनदा विचारलं, सर, नक्की द्यायचंय ना? जळतो मेला. पोच घेतली.

सोमवार, १८
भडकूला पार्किंगमध्ये चौघांनी रॉडने फोडला. कुलगुरूंच्या मर्जीतली पोरं. डोक्याला अकरा टाके, समोरचे दात गेले. फार वाईट वाटलं. पण बोललाही होता नको तितकं. निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' इथपर्यंत आलं. एक बाजू आयसीयूत असल्यामुळे वाक्य जरा अडतंय.

गुरुवार, २१
होस्टेलमध्ये चष्मेवालीच्या खोलीचं दार तोडलं. तिला जिन्यावरून ढकलली. पाय दोन ठिकाणी मोडला. लेक म्हणाली, खोलीचा नंबर त्यांना कुठून मिळाला? मी म्हणालो, तेच तर.

सोमवार, २५
वर्गात सहा जण. व्हायरलची साथ दिसते. एकाचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये. त्याला असाइनमेंटला आठवडाभर मुदत दिली. असे उपकार पोरं विसरत नाहीत.
जेवताना लेकीने ताट सारलं. म्हणाली, बाबा, तुमच्या कागदावरच्या क्रमाने चाललेत ते. एक, दोन, तीन. काल आठ नंबरची बरगडी तुटली. मी समजावलं की सॅम्पल लहान असलं की असे भास होतात. ती रडायला लागली. पोरगी हळवी आहे, आईवर गेलीय.

मंगळवार, २६
योगायोग असला तरी पत्रक मागून आणायचं ठरवलं होतं. पण अकराला विभागप्रमुखपदाची मुलाखत. त्याआधी मागणं बरं दिसलं नसतं. मुलाखत फक्कड झाली. पत्रक उद्या नक्की.

बुधवार, २७
बसस्टॉपवर लेकीला गाठलं. उजव्या हाताची बोटं मोडली. एकेक करून.
काही लिहवत नाही. आग लागो त्या कागदाला.
संध्याकाळी राजीनामा लिहिला, चार पानी. उद्या कुलगुरूंच्या तोंडावर फेकणार. मग माझी पाळी. येऊ दे. अध्यक्ष होतो मी.

गुरुवार, २८
राजीनामा खिशात घातला. चष्मा घरी ठेवला, मार बसला तर काच डोळ्यात नको. कॉरिडॉरमध्ये तीच पोरं, हातात रॉड. छाती काढून उभा राहिलो. ती बाजूला झाली. एकाने माझ्यासाठी दार उघडून धरलं.
हेडक्लार्कने मान खाली घालून पत्रक पुढे केलं. कागद डोळ्यांशी न्यावा लागला. एक ते नऊ, लाल टिकमार्क. माझ्या नावापुढे टिकमार्क नव्हता. त्याच लाल पेनाने लिहिलं होतं, 'आपला'.
शेजारी माझी विभागप्रमुखपदाची ऑर्डर. कुठे सही करायची, तिथे त्याने बोट ठेवलं. राजीनामा चार पानी, असा उभ्या उभ्या देण्यासारखा नाही.
घरी लेकीने विचारलं, दिला का राजीनामा? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. तिने डाव्या हाताने दार लावून घेतलं.
ऑर्डरवर सही केली होती. सुवाच्य अक्षरात.