बोर्ड कुणाच्या मांडीवर

आई,

काल चांदणी लागली. निंबाच्या त्याच फांदीला लागली, कुणाला साधं खरचटलंही नाही, आणि बाबा शिडीवर चढले नाहीत. शेवटची गोष्ट तुला खरी वाटणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. आत वहिनी करंज्या तळते आहे. मी लाटणं खाली ठेवून उंबऱ्यापाशी पेन घेऊन बसले, तर ती मधूनमधून माझ्याकडे बघते पण काही विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, तुमच्या सासूबाईंना घरची खबर देते आहे म्हणून.

तुला ते वर्ष आठवत असेल. मी तेव्हा चौथी-पाचवीत, दादा माझ्याहून थोडा मोठा. गावात आपली ख्रिस्ती घरं दोनच, त्यामुळे नाताळची चांदणी ही आपल्या घराची पाटीच होती. कुरुंद्याच्या बाजारातून येणारे लोकही महिनाभर 'चांदणीवाल्याच्या घरापासून डावीकडं' असा पत्ता सांगायचे. बाबा ती कामट्यांची बांधायचे, पिठाची खळ करून लाल कागद चिकटवायचे आणि आत बल्ब सोडायचे. त्या काळी लाईट असायची कमी आणि नसायची जास्त, आणि आपल्या सगळ्या गावाची एक पक्की समजूत होती की वायरीचं काम लाईट गेली की उरकून घ्यावं. पंपाचा फ्यूज असो की घरातला होल्डर, लोक लाईट जायची वाट बघत बसायचे आणि गेली रे गेली की दातानं वायर सोलायला घ्यायचे. बाबाही त्यातलेच. त्या दुपारी लाईट गेली तसे ते शिडी लावून निंबावर चढले, प्लग खाली लांब वायरीच्या बोर्डात तसाच. लाईट संध्याकाळी यायची हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी ती लवकर आली. मला अजून दिसतं, बाबा एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं उघडा सांधा पिळत आहेत, तू ओट्यावर तांदूळ निवडते आहेस, आणि घरातला रेडिओ आपोआप बोलायला लागतो. दुसऱ्या क्षणी बाबा शेजारच्या काकूंच्या कुटारात. सोयाबीनची मळणी नुकतीच झालेली, भुसाचा ढीग माणूसभर उंच होता, म्हणून वाचले. चांदणी पडली भलतीकडे. काकूंचं घर मेंढ्या-बकऱ्यांचं, आणि बकरीला खळ लावलेल्या कागदासारखं दुसरं पक्वान्न नाही. बाबांनी कुटारातून डोकं वर काढेपर्यंत चांदणीचे दोन कोपरे संपले होते.

काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पडायचंच व्हतं तं आधी सांगायचं. म्या कुटार सारखं करून ठेवलं असतं." बाबा हसले, दादा हसला, मीही हसले. तू हसली नाहीस. तू बाबांची बोटं एकेक करून वाकवून बघितलीस, छातीला कान लावलास, मग घरात गेलीस आणि बाबांनी केलेला तो लाकडी बोर्ड वायरीसकट उपसून काखेत मारून बाहेर आलीस. "लाईट गेली म्हंजी मेली व्हय?" तू म्हणालीस. "ती कवाबी येती. आजपासून जवर माणूस वर हाय, तवर ह्यो बोर्ड माह्या मांडीवर."

तेव्हापासून नाताळची आपली खरी सुरुवात म्हणजे तुझं ओट्यावर बसणं. मांडीवर बोर्ड, मुठीत प्लग, आणि डोळे वर. शिडीच्या पायांखाली भिजवलेलं गोणपाट, ती सरकू नये म्हणून. एकजण शिडी धरणार आणि त्यानं दुसरं काहीही करायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. हवाई चपलेनं चढायचं नाही, दातात सुतळी धरून बोलायचं नाही. नाताळच्या देखाव्यातली गव्हाणी आपण कडब्याची करायचो, म्हणून मेणबत्ती तिच्या आसपासही नाही, लांब पाण्याच्या परातीत उभी. काकू दरवर्षी एक कोकरू आणून गव्हाणीपाशी बांधायच्या, त्याच्याही दाव्याची लांबी तू वायरीपासून मोजून ठरवायचीस. काम झालं की तू एकेकाला पुकारायचीस. दादाला पुकारलं की त्यानं म्हणायचं, "खाली." मला पुकारलं की मी म्हणायचं, "खाली." बाबांनासुद्धा म्हणावं लागायचं, आणि ते शाळेतल्या पोरासारखे हात वर करून म्हणायचे. सगळे झाले की बाबा मुद्दाम विचारायचे, "अन् तू गं?" आणि तू म्हणायचीस, "म्या खालीच हाय, मला काय धाड भरली?" मगच प्लग बोर्डात आणि बोर्डाची वायर भिंतीत जायची. आम्ही पोरं चांदणीपेक्षा त्या वाक्याची वाट बघायचो. ते ऐकलं की नाताळ आला.

मी एकदा ट्रंकेवर स्टूल आणि स्टुलावर पाट ठेवून पताका लावत होते, तेही आठवतं. तू मागून आलीस आणि चकार शब्द बोलली नाहीस. हळूच माझी कंबर धरलीस, जमिनीवर उतरवलंस, आणि मग पाठीत दोन धपाटे घातलेस. मी रडत म्हटलं, आधी नुसतं ओरडायचं तरी. तू म्हणालीस, "वर असल्यावर वरडलं तं लेकरू दचकून पडतंय. मारायचं ते खाली आल्यावर." हे मी आता माझ्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगते, आणि सगळे हसले तरी मैदानावर पोर झाडावर दिसलं की कुणीच खालून ओरडत नाही. दहावी पास झाल्यावर आलेल्या नाताळात गावातल्या इतर पोरींना बांगड्या मिळाल्या आणि मला तू टेस्टर दिलास, पिवळ्या मुठीचा. मला तेव्हा रडू आलं होतं. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे, आणि सासरी मिक्सर बिघडला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तू गेल्यावर बोर्ड कुणाच्या मांडीवर बसला नाही. प्लग काढून ठेवायचो, शिडी धरायचो, पण पुकारायला कुणाचं तोंड उघडेना. चांदणी आता बाजारात तयार मिळते, आखाडा बाळापूरहून दादा आणतो, आत बारके दिवे असतात. बदललं नाही ते एकच, बांधणार बाबा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघे कुरकुरतात, तरी नाताळ आला की ते धोतर खोचून शिडीपाशी उभे. गेल्या वर्षी उतरताना त्यांची एक पायरी चुकली. दादानं कमरेत धरलं म्हणून निभावलं, पण त्या क्षणी दादाचा चेहरा मी पाहिला आहे, आई, आणि मला तो पुन्हा बघायचा नव्हता. त्यामुळे या वर्षी दादानं काय करावं, तर शिडी काकूंच्या वाड्यात नेऊन बकऱ्यांच्या मागे लपवली. दुसऱ्याच दिवशी एक बोकड तिच्यावर चढून कुंपणाबाहेर डोकं काढून उभा, आणि बाबा रस्त्यानं चाललेले.

मी सासरहून, वसमतहून आले तेव्हा घरात अबोला होता. बाबा ओट्यावर पाठ फिरवून बसलेले, शिडी अंगणात आडवी, चांदणी खोक्यात. वहिनीनं चहा देतानाच सांगितलं, "ताई, तुमीच बघा बाई. कोणीच आयकून न्हाई राहिलं." दादा म्हणाला, "पडले तं काय करू? ह्या वयात मोडलेलं हाड जुळतंय व्हय?" बाबा पाठमोरेच म्हणाले, "मंग नका लावू चांदणी. म्या काय भिताडाला टेकून बसायचं माणूस हाय का?" दोघांचंही खरं होतं. बाबांना चढू दिलं तर जिवाची भीती, आणि खाली बसवलं तर ते उद्यापासून म्हातारे होणार, हे मला त्यांच्या पाठीवरूनच दिसलं. मी पाय धुतले आणि काही सुचेना म्हणून स्वयंपाकघरात गेले. तुझा बोर्ड तिथंच आहे, पिठाच्या डब्यामागे खिळ्याला. वहिनीनं तो कधी काढला नाही, दर दिवाळीला पुसून परत टांगते. मी तो काढला, आणि मला एकदम हसू आलं, कारण उत्तर इतकं समोर होतं.

बाहेर येऊन मी बोर्ड बाबांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाबा, आईची जागा रिकामी हाय. तिथं कोण बसणार?"

"तुही वहिनी बसन."

"तिचं ध्यान करंज्यांकडं. लाईटचा काय भरवसा न्हाई. ज्याला एकदा झटका बसलाय त्यानंच बसावं." 

बाबा बोर्डावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांनीच रंधा मारलेलं लाकूड ते. मग म्हणाले, "अन् निसणीवर कोण?"

"म्या."

"तू?" ते वळलेच माझ्याकडे. "तू तं पाटावर चढली म्हून धपाटे खाल्ले व्हते."

"मंग नीट ध्यान द्या."

आई, तुला काय सांगू. तुझी जागा मिळाल्यावर या माणसानं तुझ्यावरही ताण केली. शिडीला हात लावायच्या आधी मला साडी बदलून पंजाबी ड्रेस घालायला परत पाठवलं. गोणपाट कोरडं आहे म्हणून दादाला ते भिजवायला लावलं. चांदणीतल्या दिव्यांच्या माळेचा प्रत्येक सांधा स्वतःच्या चष्म्यापुढून सरकवला आणि एका जागी चिकटपट्टी सुटलेली बघून असा काही विजयी चेहरा केला की दादासुद्धा हसला. त्यांचा अबोला तिथं संपला. दादा शिडी धरून उभा, तर बाबा म्हणतात, "दोन्ही हातानं धर. फोन वाजला तं वाजू दे." काकू कोकरू घेऊन आल्या, आता त्याही काठी टेकत येतात. बाबांना बोर्ड घेऊन बसलेलं बघून म्हणाल्या, "भाऊजी, आज कुटार न्हाई बरं का माह्याकडं. बरं झालं खाली बसले." बाबा म्हणाले, "बोलू नका. माणूस वर हाय."

मी चढले. वरून तुझं अंगण पहिल्यांदाच तसं पाहिलं, पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, पलीकडे हळदीचं हिरवं रान, आणि खाली बाबांचे डोळे, हलायला तयार नसलेले. मी सुतळीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. खालून कुणी एक शब्द ओरडलं नाही. मला तेव्हा इतकं सुरक्षित वाटलं की जमिनीवरही कधी वाटलं नसेल.

दिवेलागण झाली होती. काम संपलं तरी बाबा उठले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि पुकारायला सुरुवात केली. आधी दादाला. दादा क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "खाली." वहिनी दारातून, हाताला पीठ तसंच, म्हणाली, "म्या चढलेच न्हाई," तर बाबा म्हणाले, "तरी म्हण." ती म्हणाली, "खाली." मग दादाच्या पोरीला. मग मला, आणि मी म्हटलं, "खाली." काकू न विचारताच म्हणाल्या, "म्याबी खाली, अन् कोकरूबी." सगळे हसत होते. आणि त्याच हसण्यात बाबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अन् तू गं?"

इतक्या वर्षांत तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बाबांच्या हातात प्लग तसाच राहिला. त्यांच्या लक्षात आलं होतं, पण प्रश्न परत घेता येत नव्हता, आणि उत्तराशिवाय ते प्लग लावणार नव्हते हेही मला दिसत होतं. तेव्हा मीच म्हटलं, तुझ्याच ठेक्यात म्हटलं, "म्या खालीच हाय, मला काय धाड भरली?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवून खूप हसले, डोळे पुसत हसले, आणि उठून प्लग भिंतीत लावला. चांदणी लागली. जरा डावीकडे कललेली आहे. पण बाबा म्हणाले की तुझ्या वेळीही कललेलीच असायची, आणि कुणालाही ती सरळ करायला वर जाऊ देणार नाहीत. आज सकाळी उठल्याबरोबर त्यांनी बोर्ड स्वतः पुसून खिळ्याला टांगला आणि वहिनीला बजावलं की पुढच्या वर्षीही तो दुसऱ्या कुणी मांडीवर घ्यायचा नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. घडी करून बोर्डाच्या मागच्या फटीत खोचून ठेवेन, वहिनी पुसताना बघेल तर बघू दे. फक्त एक गोष्ट तुलाच सांगते, बाबांना सांगितलेली नाही. काल त्यांनी मला पुकारलं तेव्हा मी 'खाली' म्हटलं, आणि नंतर तुझ्या वाटचंही म्हटलं, पण माझा एक पाय तोवर शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच होता. बाबांना दिसला नाही. तुला दिसला असता.