दम धरायची सवय

२ नोव्हेंबर, रविवार

स्कूबा डायव्हिंगचं परवाना-कार्ड मिळून सहा महिने झाले आणि माझ्यासोबत पाण्यात उतरायला कोणी तयार नाही! जोडीदाराशिवाय उतरता येत नाही, आणि माझी जोडीदार श्रावणी मालवणहून परतताना स्पष्टच म्हणाली — आचल, तू श्वास रोखतेस, मला तुझी भीती वाटते. डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांनी माझ्या लॉगबुकात, डुबक्यांच्या नोंदवहीत, तेच लिहिलंय. वर येताना श्वास रोखला तर आतली हवा फुगून फुफ्फुस फाटू शकतं. हे मीच अमरावतीत क्लासच्या पोरांना फळ्यावर शिकवते. लाज वाटते.

दोष बाबांचा. वलगावच्या विहिरीत पोहायला त्यांनीच शिकवलं. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि वरून एकच ओरडा — दम धर! सात वर्षांची होते. धरला तो अजून सुटत नाही.

२० डिसेंबरला परत मालवण. तोवर जमलं नाही तर श्रावणी दुसरी जोडीदार बघणार.

९ नोव्हेंबर, रविवार

शेतावर जाऊन बाबांना सांगितलं. फार लागलं त्यांना. ‘मी तुले दम धराले शिकवलं, अन् हे लोक म्हणते सोड. काहून?’

समजावलं. मग स्वतःच बैल हाकायची काठी घेऊन हौदाच्या काठावर येऊन बसले. मी श्वासाची नळी तोंडात धरून पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात. नळीचा फुसफुस आवाज थांबला की पाठीत काठी!

एकोणीस वेळा टोचली.

१० नोव्हेंबर

क्लासमध्ये खुर्चीला पाठ टेकवता येईना.

१६ नोव्हेंबर

अकरा. बाबांना म्हटलं, आत या, जवळून बघा. म्हणे कान ठणकतो.

२३ नोव्हेंबर

चार. परत म्हटलं, या ना. म्हणे मोटार बंद करून येतो. गेले ते थेट जेवायलाच दिसले.

७ डिसेंबर

शून्य!! बाबांनी काठी गोठ्यात नेऊन ठेवली. आणि मालवणला येतो म्हणून हटून बसलेत.

२० डिसेंबर, मालवण

बारा मीटर खोल. मास्कमध्ये पाणी शिरलं, दम धरणार — तेवढ्यात पाठीतली काठी आठवली. फुस्स! श्वास चालू. मास्क रिकामा केला, श्रावणीने बोटांनी ओके केलं. वर आल्यावर तिने लॉगबुकात सही केली आणि मला रडूच आलं.

बाबा बोटीत दोन-दोन लाइफ जॅकेट घालून बसलेले. म्हटलं, शिडी धरून एक डुबकी मारा की. त्यांनी कठडा सोडला नाही.

२१ डिसेंबर, परतीच्या गाडीत

आज बाबांनी कबूल केलं. ‘मले पवता येत नाही, माय. कधीच येत नव्हतं. दम धरला की मानूस बुडत नाही, येवढंच आयकून होतो.’

मग मला विहिरीत कोणाच्या भरवशावर ढकललं?

‘दोर सोडला नव्हता मी.’

 

येत्या रविवारी बाबा हौदात. जुना डबा शोधायचा. दोर आणि काठी माझ्याकडे.