पाच जणांचा राक्षस

दौंड,
रविवार, दुपार

सायलीबाईंना,

माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहेस म्हणून आशीर्वाद, आणि हुद्द्यानं मोठी झालीस म्हणून साष्टांग नमस्कार. तुला जो सोयीचा वाटेल तो घे. इकडे सगळे खुशाल. आबांचा गुडघा फक्त पावसाळ्यात कुरकुरतो, मी बारा महिने कुरकुरते. तिकडे विशाखापट्टणमला तुझी तब्येत कशी आहे? सांबार पचतं का? केस गळायचे थांबले का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू "बोल पटकन, मीटिंग आहे" म्हणतेस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हा कागद.

तर आपला खेळ अजून चालू आहे. (विसरली असशील तर: एकीनं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यात एकेक पात्र होऊन शिरायचं, आणि पराक्रम जमला का फसला हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं; राक्षसाची ताकद मात्र खेळाडू मोजून धरायची. तो निळा फासा आपण दोघींनी मिळून पुण्यातनं आणला होता, आणि येताना एसटीत सीटखाली पडला म्हणून चौफुल्यापर्यंत ओणव्यानं शोधला होता.) अडीच वर्षांपूर्वी गाडीत बसायच्या आधी तू तुझ्या चंपाकळी चेटकिणीला गुहेच्या तोंडाशी उभं केलंस आणि म्हणालीस, "ट्रेनिंग पंधरा दिवसांचं आहे, आल्यावर पुढचा डाव. हिला हलवू नकोस." मी हलवली नाही. पण त्या गुहेवर आता दोन-दोन टोळ्या चालून येतात, आणि दोन्हींना पुरेल असा एक राक्षस घडवता घडवता माझा जीव मेटाकुटीला आलाय.

पहिली टोळी कुरकुंभची, आपल्या कंपनीतलीच. रविराज (रिॲक्टरवरचा, भांडगावचा, डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी आणणारा तोच) आणि त्याच्या शिफ्टचे तिघं. मी म्हटलं, दणकट गडी आहेत, तलवारी उपसून आत घुसतील. गुहेतल्या डोहात चांगला आडमाप राक्षस बसवला, त्याला डरकाळी फोडायला लावली. रविराज म्हणाला, "आत उतरायचं परमिट कुणी दिलं?" झालं! मग आधी गुहेतली हवा तपासायची. मग दोरी. मग दोरीची तपासणी. राक्षस बिचारा दीड तास दात परजून आत ताटकळला, मला त्याची दया यायला लागली. शेवटी गाडी अडली बाहेर कुणी थांबायचं यावर. तुला माहीतच आहे, टाकीत माणूस उतरला की तोंडाशी एकानं दोरी धरून उभं राहायचं, आणि शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. थांबायला कुणी तयार होईना. तेव्हा रविराज म्हणाला, "सायली मॅडमची चंपाकळी उभीच हाय की तिथं. द्या तिच्या हातात." दिली. चौघं उतरले आणि राक्षसानं तीन फेऱ्यांत चौघांना धोबीपछाड घातली. चंपाकळीनं ओढून काढले म्हणून वाचले. तुझ्या वतीनं फासा मी टाकला, वीस पडले. तुझ्या नावानं टाकला की कायम चांगलंच पडतं, हे मला जरा लागतंच.

दुसरी टोळी शिरूरची, म्हणजे माझं माहेर: आबा, आई, म्हस्कूमामा आणि शेजारच्या अनसाबाई मावशी. आबा सोसायटीचे वीस वर्षं संचालक होते, आता गुडघ्यामुळं घरी बसून भिंतीवरच्या पालीवर अविश्वास ठराव आणायच्या बेतात होते. मी सुट्टीला गेले की त्यांना खेळवते. म्हातारी माणसं म्हणून राक्षसाची ताकद निम्मी केली. आबांनी तलवारीला हात लावला नाही. "पाव्हणं कुठलं?" म्हणून राक्षसाजवळ बसले, त्याचं आजोळ काढलं, त्याला आजवर कुणी मानपान दिला नाही हे दुखणं काढून घेतलं, आणि त्याला पाणीवापर संस्थेवर बिनविरोध निवडून आणला. फासा एकदाही पडला नाही! मी चिडून पुढच्या वेळी त्याला सात डोकी लावली. आबा खूश. म्हणाले, "सात डोकी म्हंजी सात मतं. आता तर ह्यो आपलाच पायजे."

आता सांग, मी काय करू? शिरूरला जमेल इतका वाढवावा, तर कुरकुंभचे रोज लोळणार. त्यांना झेपेल इतका उतरवावा, तर आबा त्याच्याकडनं पाणी भरून घेणार. गेल्या आठवड्यात रविराजनं माझी वही मागितली आणि दोन पानं चाळून म्हणाला, "मॅडम, आमची ताकद कमी न्हाई. आम्ही चार हाय, आन् राक्षस तुम्ही पाच जणांचा धरलाय." मी मागं जाऊन पाहिलं. अडीच वर्षांची पानं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर "खेळाडू: पाच", आणि पहिलं नाव तुझं. शिरूरच्या वहीतही तेच. मुद्दाम नाही गं केलं, हातच तसा चालतो. लॅबमध्ये मी अर्ध्या टक्क्याच्या फरकाला दुसऱ्यांचा अख्खा लॉट नापास करते, आणि स्वतःच्या वहीत अख्खा माणूस जास्त धरून बसले. सायले, मला तुझी फार आठवण येते. दुपारच्या जेवणाला तर फारच.

ही गोष्ट आबांना कळली आणि त्यांनी ठराव मांडला: लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहील त्याचं सभासदत्व रद्द, सबब चंपाकळीला काढावं. मला वाटलं रविराज तुझ्या बाजूनं बोलेल, तर तोही फोनवरनं म्हणाला, "बाहेर कुणी न्हाई हे ठाऊक असलं तर माणूस जपून उतरतो, मॅडम. हाय असं धरून उतरला तर मरतो." एकट्या अनसाबाई आडव्या आल्या. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. म्हणाल्या, "सांजच्याला मोजताना एक कमी भरलं तर वाघूर बंद करत न्हाईत." (वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी.) आबा म्हणाले, "आन् ते दुसऱ्याच्या कळपात रमलं असलं तर?" मावशी म्हणाल्या, "तर जाऊन बघावं, सुखात हाय का. आसलं तर मागं फिरावं." मतदान झालं. तीन विरुद्ध एक. मग मी राक्षसाच्या वतीनं सात मतं तुझ्या बाजूनं टाकली. आबांनी सभा तहकूब केली आणि मला दम दिला, की ही शुद्ध घराणेशाही आहे. फेरमतदान पुढच्या महिन्यात.

तेव्हा तूच काय ते सांग. "काढून टाक" एवढी एक ओळ लिहिलीस तरी पुरे. मी राक्षस चार जणांचा करीन आणि रागावणार नाही. आईचा तुला आशीर्वाद, आबांचा सशर्त.

तुझी,
बेरीज चुकणारी
सुलक्षणा

ता. क. रागावणार नाही असं लिहिलंय, पण थोडी रागावेन.

ता. क. दुसरा: पाकिटात खडखडतोय तो आपला निळा फासा. चंपाकळी राहणार का जाणार, ते त्याच्यावरच सोडू. दहाच्या वर पडलं तर राहील. तू टाक आणि कळव.

ता. क. तिसरा: थांब, टाकू नकोस. आमच्याकडं तेवढा एकच फासा होता. मोबाइलवरचा आबा मानत नाहीत (हातात खुळखुळत नाही त्याचा भरवसा काय, म्हणतात), त्यामुळं दोन्हीकडचे डाव आता बंद. फासा कुठं गेला हे मी कुणाला सांगितलेलं नाही; मावशी तिकडं शिरूरला कॉटखाली शोधतायत. कुरियरनं परत पाठवलास तर मी घेणार नाही. स्वतः घेऊन ये, एका दिवसासाठी ये, मग खुशाल परत जा. चंपाकळीला उगाच इतके दिवस उभं केलं मी. आत तू गेली होतीस सायले, दोरी धरून बाहेर मी उभी आहे, आणि मला जागा सोडता येत नाही.